अद्भुतकथेचा कच्चा माल

यंदाच्या व्याख्यानमालेचे आमंत्रण घेऊन मंडळाचे चिटणीस आमच्याकडे आले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यांवर किंवा कंत्राटी मजुरांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची समजूत होती. आम्ही विषय सांगितला तो असा : इंग्रज कथाकार टॉल्किन ह्याची अद्भुत कादंबरी कशी घडली. चिटणीसांनी विषय दोनदा विचारून घेतला व मग मुकाट्याने वहीत टिपला. श्रोत्यांपैकीही काहींच्या मनात आले असेल की, युनियनच्या माणसाला राक्षस, बुटके आणि जादूच्या अंगठ्या ह्यांच्याशी काय कर्तव्य? तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, ते आधी सांगतो. त्यात आमच्याच एका चुकीची कबुली आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या युनियनचा रविवारचा अभ्यासवर्ग चालू होता; विषय किमान वेतनाचा. मागच्या बाकावर एक विशी-बाविशीचा मुलगा बसला होता. तो एका गोदामात कंत्राटदाराकडे गोण्या उचलण्याचे काम करी. त्याचे लक्ष मांडीवरच्या एका जाडजूड पुस्तकात होते. आम्ही जवळ जाऊन पाहिले, तो फुटपाथवरून घेतलेली, पुठ्ठा निखळलेली इंग्रजी कादंबरी : 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. आम्ही सर्वांसमक्ष म्हणालो, "अरे बाबा, हे वाचून तुझी रोजी वाढणार आहे काय? हे पळपुट्यांचे वाचन आहे." मुलगा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, दिवसभर गोण्या उचलल्यावर रात्री एवढंच काय ते माझं असतं." त्याने पुस्तक पिशवीत घातले व वर्ग संपेपर्यंत खाली मान घालून बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्यानंतरही कधी आला नाही.

मालकाच्या दडपणामुळे माणूस गेला, तर त्याचा दोष मालकाच्या पदरात घालता येतो. हा मुलगा आमच्या जिभेमुळे गेला. ती बोच मनात राहिली. आमचे शिक्षण दहावीपर्यंत. पुढचे सारे वाचन चाळीच्या वाचनालयात व शब्दकोश मांडीवर घेऊन झालेले. कामगार चळवळीच्या इतिहासात आम्ही विल्यम मॉरिस हे नाव वाचले होते. हा कारागीर कवी १८८४ च्या अखेरीस स्थापन झालेल्या 'सोशलिस्ट लीग'चा एक प्रमुख पुढारी. ह्या मॉरिसने उतारवयात काल्पनिक देशांच्या अद्भुत कादंबऱ्याही लिहिल्या. १९१४ साली ऑक्सफर्डच्या एका विद्यार्थ्याला पाच पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्या पैशांतून त्याने मॉरिसचीच पुस्तके विकत घेतली, असे एकदा आमच्या वाचनात आले. तो विद्यार्थी म्हणजे टॉल्किन. आमच्या माणसाचा वाचक म्हणून आम्ही त्याच्याकडे वळलो, आणि ज्या पुस्तकाची आम्ही टर उडविली होती ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले.

ज्यांनी ते वाचले नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात असे. एका प्राचीन, कल्पित जगात एक अंगठी आहे. जो ती धारण करील त्याला इतरांवर अमर्याद सत्ता मिळेल. परंतु ती अंगठी धारण करणाऱ्यालाच आतून पोखरून काढते. ती वापरायची नाही, ज्या ज्वालामुखीत घडली त्यातच नेऊन टाकायची, असे ठरते. हे काम मोठमोठे योद्धे व राजे ह्यांच्याकडून होत नाही. ते पार पाडतात दोन 'हॉबिट'. हॉबिट म्हणजे शेताभातांत राहणारे, दिवसातून सहा वेळा जेवू पाहणारे, माणसाच्या कमरेइतके बुटके लोक. त्या दोघांतला एक माळी आहे.

आता ही कथा लिहिणाऱ्याला सुचली कोठून? प्रतिभा ही दैवी देणगी आहे, असे म्हटले की चौकशी संपते. आम्ही कारखान्यातील माणसे. समोर तयार माल आला की आम्ही विचारतो : कच्चा माल कोणता, हत्यारे कोणती, किती तास लागले आणि सोबत कोण होते? टॉल्किनच्या बाबतीत ह्या प्रश्नांची उत्तरे मिळतात, कारण त्याची पत्रे आणि खर्डे मोठ्या प्रमाणावर प्रसिद्ध झालेले आहेत.

त्याचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. वडील तेथे बँकेत व्यवस्थापक होते. आई दोन लहान मुलांना घेऊन इंग्लंडला आली आणि १८९६ साली वडील तिकडेच वारले. आईने बर्मिंगहॅम शहराच्या कडेला सेरहोल नावाच्या खेड्यात बिऱ्हाड केले. तेथे ओढा होता, झाडे होती व पाण्यावर चालणारी पिठाची गिरणी होती. पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला मुलांच्या अंगावर ओरडे, म्हणून मुलांनी त्याला राक्षस ठरविले होते. तळ्यावर ओणवे झालेले एक वाळुंजाचे झाड होते. मुले त्यावर चढत. एके दिवशी कोणी ते तोडले, आणि त्या लाकडाचे काहीही न करता ओंडका तसाच पडू दिला. टॉल्किन म्हातारा झाला तरी ती गोष्ट विसरला नाही. पुढे बर्मिंगहॅमचे कारखाने व घरे पसरत गेली आणि ते खेडे शहराच्या पोटात गेले.

त्याच्या कादंबरीत झाडे चालतात, बोलतात, आणि जंगल तोडून भट्ट्या पेटविणाऱ्या जादूगाराचा किल्ला उद्ध्वस्त करतात. ग्रंथाच्या अखेरीस हॉबिट लढाई जिंकून घरी परततात, तो गावची झाडे तोडलेली, जुन्या गिरणीच्या जागी धूर ओकणारी नवी गिरणी उभी, आणि धान्य गोळा करून नेणारे शिपाई दारोदार. कित्येकांनी ह्यात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडचे चित्र पाहिले. टॉल्किनने ते साफ नाकारले. त्याचे मूळ आपल्या बालपणात आहे, असे त्याने सांगितले. तोडलेल्या वाळुंजाची भरपाई करण्यास त्याला अर्धशतक लागले, असे म्हणण्यास हरकत नाही.

आईने त्याला घरीच लॅटिन भाषेचे पहिले धडे दिले, चित्रकला व वनस्पतींची ओळख शिकविली. १९०० साली तिने कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी मदतीचा हात आखडला. १९०४ साली मधुमेहाने ती वारली. त्या वेळी ह्या रोगावर इन्शुलिन नव्हते. ते सापडले १९२१ साली. टॉल्किन बारा वर्षांचा होता. एका पाद्र्याने दोन्ही भावांचे पालकत्व घेतले. वयाच्या बाराव्या वर्षी ज्याचे घर संपते, त्याच्या पुढील सर्व लेखनात हरवलेले घर पुनःपुन्हा आले, तर नवल नाही.

पण दुःख अनेकांच्या वाट्याला येते. सर्वजण कादंबऱ्या लिहीत नाहीत. टॉल्किनजवळ जे विशेष हत्यार होते ते शब्दांचे. लहानपणी काही काळ हे कुटुंब रेल्वेच्या रुळांलगत राहत होते. समोरून दक्षिण वेल्सहून आलेल्या कोळशाच्या वाघिणी जात. त्यांच्या बाजूंवर खाणगावांची नावे रंगविलेली असत : नँटिग्लो, ट्रेडिगर, सेंघेनिद. ही नावे मुलाला उच्चारता येत नव्हती, परंतु त्यांनी त्याला भुरळ घातली. त्यातून वेल्श भाषेची ओढ लागली, आणि पुढे त्याने आपल्या कल्पित यक्षजातीसाठी ज्या भाषा रचल्या, त्यांतील एकीचा नाद त्याने वेल्शवर बेतला.

हा प्रसंग वाचताना आम्ही थांबलो. सेंघेनिद हे नाव आम्हांस वेगळ्या पुस्तकांतून ठाऊक होते. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी त्या गावच्या खाणीत स्फोट झाला आणि ४३९ खाणकामगार मेले. ब्रिटनच्या इतिहासातील ती सर्वांत भीषण खाण-दुर्घटना. आमच्या कानाला ते नाव शोकसभेतील नावासारखे लागते. त्या मुलाच्या कानाला ते गाण्यासारखे लागले. आमचा पहिला विचार असा झाला की, ह्याने वाघीण पाहिली, वाघीण भरणारा हात पाहिला नाही. मग वाटले, एवढ्या लहान पोराकडून ती अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शिवाय खाणकामगारांची भाषा सुंदर आहे, हे ज्याने ऐकले, त्याने काहीतरी खरेच ऐकले होते.

शब्दांचे हे वेड पुढे त्याचा धंदा झाले. ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागले, त्यातून दुसऱ्या यक्षभाषेचा पाया पडला. एका जुन्या इंग्रजी धार्मिक काव्यात 'एआरेंडेल' हा चमकत्या ताऱ्याचे नाव वाटावा असा शब्द त्याला दिसला. त्याचा नेमका अर्थ कोणास सांगता येत नव्हता. सप्टेंबर १९१४ मध्ये, महायुद्ध पेटले असताना, मावशीच्या शेतावर मुक्कामास असलेल्या ह्या तरुणाने त्या एका शब्दाभोवती कविता रचली : आकाशाच्या कडेवरून नाव हाकणारा तांडेल. त्याच्या कल्पित जगाची सुरुवात साधारणपणे येथून धरतात. आधी शब्द आला, शब्दामागून माणूस आला आणि माणसामागून त्याचा देश आला. भाषा आहे तर ती बोलणारे लोक हवेत, लोक आहेत तर त्यांचा इतिहास हवा, अशी त्याची रीत होती. म्हणजे कथेसाठी भाषा रचल्या नाहीत. भाषांना राहायला जागा हवी म्हणून कथा रचली.

१९१९-२० मध्ये तो ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या कचेरीत नोकरीला होता. 'डब्ल्यू' ह्या अक्षराने आरंभ होणारे काही शब्द त्याच्या वाट्याला आले. 'वॉलरस' ह्या एका शब्दाच्या व्युत्पत्तीचे त्याने पुनःपुन्हा खर्डे केले. पुढे लीड्स येथे आणि १९२५ पासून ऑक्सफर्ड येथे तो प्राध्यापक झाला. त्याच्या कादंबरीतील दुष्ट 'ऑर्क', चालत्या झाडांचे 'एंट' हे नाव, आणि खुद्द त्या जगाचे 'मध्यभूमी' हे नाव, हे सारे जुन्या इंग्रजीतून उचललेले आहे. त्याच्या बुटक्यांची बहुतेक नावे आणि जादूगार गँडाल्फचे नाव प्राचीन नॉर्स काव्यातील एका नामावळीत आहेत. चालत्या झाडांच्या मुळाशी शाळकरी वयातील एक निराशाही आहे. 'मॅकबेथ' नाटकात वन डोंगरावर चालून येते असे भाकीत आहे. प्रत्यक्षात सैनिक हातात फांद्या घेऊन येतात. पोराला वाटले, ही शुद्ध फसवणूक! झाडे खरोखरच चालली पाहिजेत. पन्नाशीत त्याने ती चालविली.

आता तिसरा माल : युद्ध. जून १९१६ मध्ये टॉल्किन लँकाशायर फ्युजिलिअर्स ह्या पलटणीतून फ्रान्सच्या आघाडीवर गेला. तो संदेशवहनाचा अधिकारी होता. मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्यांस लँकाशायर हे नाव नवे नाही. आपल्या गिरण्यांचा प्रतिस्पर्धी तो. कापडगिरण्या व कोळशाच्या खाणी ह्यांच्या त्या परगण्यातील साधी माणसे त्याच्या हाताखाली होती. १ जुलै १९१६ रोजी सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसे जायबंदी अथवा गारद झाली. त्यांपैकी १९,२४० ठार झाली. शाळेपासूनच्या त्याच्या चार मित्रांच्या मंडळातील रॉब गिल्सन त्याच दिवशी पडला. जेफ्री स्मिथ डिसेंबरात तोफगोळ्याच्या जखमेने मेला. त्याआधी स्मिथने टॉल्किनला पत्र लिहिले होते. आपण मेलो तर जे आपल्याला सांगायचे होते ते तू सांग, अशा अर्थाचे. खंदकातील उवांमुळे होणारा ताप अंगात घेऊन टॉल्किन नोव्हेंबरात मायदेशी परतला, आणि त्या हिवाळ्यात आजारपणाच्या रजेवर त्याने एका नगराच्या पाडावाची कथा लिहिली. आगीचे लोळ आणि लोखंडी सर्प शहरावर चालून येतात, अशी ती कथा आहे. बरोबरीच्या अनेक तरुणांनी युद्धावर वास्तववादी कविता व आठवणी लिहिल्या. हा मनुष्य दंतकथेच्या भाषेत बोलला, पण तो बोलत होता त्याच गोष्टीविषयी.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे त्याने पुढे एका पत्रात लिहिले आहे. कादंबरीतील माळी सॅम गॅम्जी हा नायकाचा सोबती. ओझे वाहतो, रांधतो, आणि शेवटी धनी चालू शकत नाही तेव्हा धन्यालाच पाठीवर घेऊन ज्वालामुखी चढतो. हा सॅम आपण १९१४ च्या युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून व अधिकाऱ्यांच्या हुजऱ्यांवरून घेतला, आणि ती माणसे आपणांहून कितीतरी श्रेष्ठ होती, असे टॉल्किन म्हणतो. त्याचे नावही गमतीचे आहे. बर्मिंगहॅमकडे जखमेवर बांधायच्या कापसाला लोक 'गॅम्जी' म्हणत, कारण तेथील त्या नावाच्या एका डॉक्टरने तशी कापसाची पट्टी काढली होती. जखमेवरचा कापूस हे नाव त्या माळ्याला शोभून दिसते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. टॉल्किन आमच्या पक्षाचा नव्हता. तो निष्ठावान कॅथलिक, जुन्या वळणाचा, यंत्रांना नाके मुरडणारा. त्याच्या कथेच्या शेवटी राजा गादीवर येतो आणि माळी धन्याला अखेरपर्यंत 'मिस्टर फ्रोडो'च म्हणतो. आम्हांस हे खटकते व खटकत राहील. तथापि ज्या माणसाने अधिकारी असून आपला हुजऱ्या आपल्यापेक्षा मोठा, हे ओळखले व त्याला हजार पानांच्या ग्रंथाचा कणा केले, त्याच्याशी आमचे भांडण घरातल्या माणसाशी असते तसे आहे.

आता तासांचा हिशेब. प्राध्यापकाचा पगार चार मुलांच्या संसाराला पुरत नसे, म्हणून टॉल्किन उन्हाळ्याच्या सुट्टीत शालान्त परीक्षेचे पेपर तपासण्याचे जादा काम घेई. ते कंटाळवाणे काम करीत असता एका मुलाने उत्तरपत्रिकेतील एक पान कोरेच सोडलेले आढळले. त्या कोऱ्या पानावर त्याने एक वाक्य लिहिले : बिळात राहणाऱ्या हॉबिटाविषयी. हॉबिट म्हणजे काय, हे त्यालाही ठाऊक नव्हते. ते शोधून काढावे म्हणून तो पुढे लिहू लागला. 'द हॉबिट' २१ सप्टेंबर १९३७ रोजी प्रसिद्ध झाले. हस्तलिखित वाचून अभिप्राय देण्याचे काम प्रकाशक स्टॅन्ली अन्विन ह्यांनी आपल्या दहा वर्षांच्या मुलावर सोपविले होते व त्याला एक शिलिंग मेहनताना दिला होता.

पुस्तक खपले, प्रकाशकाने दुसरे मागितले. त्याच वर्षी डिसेंबरात टॉल्किनने नव्या पुस्तकाचे पहिले प्रकरण लिहिले. पुढे काय होणार, हे लेखकालाच माहीत नव्हते. जुन्या पुस्तकातील एक साधी जादूची अंगठी तेवढी हाती होती. नायकाचे नाव प्रथम फ्रोडो नव्हते, बिंगो होते. सरायमध्ये कोपऱ्यात बसलेला जो अनोळखी वाटसरू पुढे राजा निघतो, तो पहिल्या खर्ड्यांत लाकडी जोडे घातलेला एक हॉबिट होता! लेखकाने त्याला कोपऱ्यात बसविले खरे, पण हा कोण, हे त्याला बऱ्याच उशिरा कळले. बुटक्यांच्या भुयारात एका थडग्यापाशी कथा येऊन थांबली आणि बराच काळ तेथेच अडून राहिली. एकेक प्रकरण चार-पाच वेळा मुळापासून लिहिले गेले. युद्धकाळात कागदाची टंचाई. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर खर्डे चालले. अंतरे चुकू नयेत म्हणून नकाशा, आणि कोणत्या रात्री चंद्र कोणत्या कलेचा, ह्याची टिपणे. १९४४ मध्ये त्याच्या ध्यानात आले की, दोन ठिकाणी विभागलेल्या पात्रांना दिसणारा चंद्र जुळत नाही. तेव्हा त्याने मागची प्रकरणे दुरुस्त केली. जादूच्या देशातही चंद्र वेळेवर उगवला पाहिजे, हा त्याचा दंडक होता. आमच्याकडे उत्तम फिटर असाच असतो. यंत्राच्या आत कोणास न दिसणारा नटही तो बरोबर बसवितो.

१९४९ मध्ये ग्रंथ पुरा झाला. टंकलेखकाची मजुरी परवडणारी नव्हती, म्हणून हजाराहून अधिक पाने त्याने स्वतः दोन बोटांनी टंकलिखित केली. १९५४ व १९५५ मध्ये तीन खंडांत तो प्रसिद्ध झाला. सुरुवात केली तेव्हा लेखक पंचेचाळीस वर्षांचा होता. शेवटचा खंड निघाला तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. ह्याला कोणी हवेतले मनोरे म्हणत असेल, तर त्याने एवढ्या वर्षांची हजेरी एकदा मोजून पाहावी.

ह्या कामात सोबती कोण होते? ऑक्सफर्डमध्ये सी. एस. लुइस ह्याच्या खोलीवर दर गुरुवारी रात्री काही मित्र जमत व आपापले लेखन वाचून दाखवीत. मंडळाचे नाव 'इंक्लिंग्ज'. टीका परखड असे. ह्यूगो डायसन नावाच्या सभासदाला तर टॉल्किनचे वाचन मुळीच सहन होत नसे. मुलगा क्रिस्टोफर १९४४ मध्ये विमानदलाच्या शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत गेला होता. त्याला बाप लिहिली गेलेली प्रकरणे टपालाने पाठवी. टॉल्किनने कबूल केले आहे की, लुइसने त्याला काही सुचविले म्हणून नव्हे, तर तो सतत पुढचे मागत राहिला म्हणून ग्रंथ पुरा झाला. एकट्याच्या नावावर छापलेल्या पुस्तकामागे अशी मागणी करणारी माणसे असतात.

आणि घरची एक व्यक्ती. १९१७ साली यॉर्कशरमधील एका रानात, पांढऱ्या फुलांच्या दाटीत, त्याची पत्नी एडिथ त्याच्यासाठी नाचली. त्यातून मर्त्य मानव बेरेन आणि यक्षकन्या लूथिएन ह्यांची कथा निघाली. एडिथ १९७१ मध्ये गेली, टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी. ऑक्सफर्डच्या दफनभूमीत दोघे एकाच शिळेखाली आहेत, आणि त्या शिळेवर त्यांच्या नावांखाली लूथिएन आणि बेरेन ही नावे कोरलेली आहेत.

इतका हिशेब मांडल्यावर वाचकांस वाटेल, झाला उलगडा : वाळुंज, वाघिणी, कोश, खंदक आणि पत्नी मिळून कादंबरी होते. असे वाटू लागले तर तो आमचाच दोष. टॉल्किनने १९३६ च्या एका व्याख्यानात ह्याविषयी एक दृष्टान्त दिला आहे. एका माणसाला वारशाने जुन्या दगडांनी भरलेले शेत मिळाले. त्या दगडांतून त्याने मनोरा बांधला. मित्र आले, दगड कोठल्या जुन्या इमारतीचे आहेत ते पाहावे म्हणून त्यांनी मनोरा पाडला, आणि मग म्हणाले, काय गोंधळ करून ठेवला आहे ह्याने! परंतु त्या मनोऱ्यावरून बांधणाऱ्याला समुद्र दिसत असे. हे त्याने एका प्राचीन काव्याविषयी सांगितले, पण ते त्यालाही लागू आहे. कथा कशी उगवते ह्याविषयी तो म्हणे की, पाहिलेले, वाचलेले, सोसलेले सारे पालापाचोळ्यासारखे मनाच्या तळाशी पडते, कुजते, विसरले जाते, आणि त्या खतातून अंधारात बी रुजते. कापसाची गासडी पाहून लुगड्याचे काठ सांगता येत नाहीत. तरीही गासडीवाचून लुगडे होत नाही, एवढेच आमचे म्हणणे.

शेवटी त्या 'पळपुटेपणा'च्या आरोपाकडे येतो. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे टॉल्किनने परीकथांवर जाहीर व्याख्यान दिले. पुढे ते विस्तारून छापले गेले. त्यात त्याने ह्याच आरोपाचे उत्तर दिले आहे. तुरुंगात पडलेला मनुष्य घराचा विचार करील, भिंती व पहारेकरी सोडून इतर गोष्टींविषयी बोलेल, तर त्याला दोष का द्यावा? टीकाकार दोन गोष्टींची गल्लत करतात : कैद्याची सुटका आणि रणातून पळालेल्या शिपायाचे पलायन.

हे वाचले तेव्हा आम्हांस १९८२ साल आठवले. जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. आमचे वडील विणकाम खात्यात होते. आम्ही बारा वर्षांचे. महिन्यांमागून महिने गेले, घरातील भांडी गेली, आईचे मंगळसूत्र गेले. रात्री दिवा मालवल्यावर वडील आम्हां भावंडांना सात समुद्रांपलीकडच्या राक्षसाची गोष्ट सांगत. राक्षसाचा प्राण पोपटात, पोपट पिंजऱ्यात, पिंजरा डोंगराच्या पोटात. गोष्ट ते मुद्दाम संपवीत नसत, कारण ती संपली की भूक आठवे. सकाळी उठून तेच वडील मोर्चाला जात. ते पळपुटे होते, असे आमच्यासमोर कोणी म्हटले असते, तर आम्ही त्याची गय केली नसती. आणि तीच शिवी आम्ही दुसऱ्याच्या पोराला भरसभेत दिली.

अद्भुतकथेने रोजी वाढत नाही, हे आजही खरे आहे. त्यासाठी संघटनाच करावी लागते. पण मागणीपत्र लिहिणाऱ्यालाही आज नसलेली गोष्ट आधी मनात पाहावी लागते. चौदा-चौदा तास राबणाऱ्यांना आठ तासांचा दिवस ही एके काळी परीकथाच वाटली असेल. मॉरिसला हे कळले होते. म्हणून तो सभा घेई, पत्रके वाटी, आणि रात्री नसलेल्या देशांच्या कथा लिही. त्या दोन कामांत त्याला विरोध दिसला नाही.

तो गोदामातील मुलगा आज कोठे आहे, हे आम्हांस ठाऊक नाही. युनियनच्या कचेरीत पुस्तकांचे एक कपाट आहे. त्यात कायद्याच्या पुस्तकांशेजारी आम्ही टॉल्किनचे तीन खंड ठेवले आहेत. नोंदवहीत अधूनमधून कोणाचे तरी नाव पडते. पुस्तक नेणाऱ्याला आम्ही हल्ली एवढेच विचारतो, "वाचून झालं की सांग रे, तुला त्यातलं काय आवडलं." आपल्या घरातही एखादा मुलगा किंवा मुलगी असे जाड पुस्तक उशाशी घेऊन बसत असेल. त्यांना टोकण्यापूर्वी एकदा हाच प्रश्न विचारून पाहावा, एवढी विनंती करून आम्ही रजा घेतो.